तीन चाव्यांचं लॉकर: पेशी इंटरफेरॉन केव्हा बनवते आणि का थांबते

विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत ९६ खळग्यांची एक प्लॅस्टिकची प्लेट असते, तळहातावर मावेल एवढी. प्रत्येक खळग्याच्या तळाशी जिवंत पेशींचा एकेरी थर वाढवलेला असतो. पहिल्या खळग्यात इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू शिरल्यावर पेशी जे प्रथिन बाहेर सोडतात त्याचा, नमुना घालायचा, पुढच्यात त्याच्या निम्मा, त्याच्या पुढच्यात त्याच्याही निम्मा, असं करत रांग संपवायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे सारखाच विषाणू सोडायचा. आणखी एक-दोन दिवसांनी द्रव ओतून टाकायचा, क्रिस्टल व्हायोलेट नावाचा जांभळा रंग घालायचा आणि पाण्याखाली धुवायचं. जिथे पेशी तगल्या तिथे रंग धरतो. जिथे विषाणूने त्यांचा फडशा पाडला तिथे खळगा नितळ.

अशी प्लेट मी पहिल्यांदा खिडकीच्या उजेडासमोर धरली, तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. डावीकडून उजवीकडे गडद जांभळा, जांभळा, फिका, मग काहीच नाही. जिथे निम्म्या पेशी वाचतात त्या खळग्यात इंटरफेरॉनचं साधारण एक युनिट आहे, असं मोजतात. शुद्ध इंटरफेरॉनच्या एका मिलिग्रॅममध्ये अशी वीस कोटींच्या आसपास युनिटं असतात. म्हणजे त्या खळग्यात जे होतं ते कुठल्याही तराजूला कळलं नसतं, पण पेशींना कळलं होतं.

इतकी जहाल गोष्ट पेशी स्वतः बनवतात. प्रश्न असा की ती कधी बनवायची, किती बनवायची आणि कधी थांबायचं हे पेशीच्या आत कोण ठरवतं? या प्रश्नाचं उत्तर काचेच्या बाटल्यांत वाढवलेल्या मानवी पेशींनी दिलं आणि ते मिळायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

सुरुवात मात्र कोंबडीच्या अंड्यापासून झाली. १९५७ साली लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान यांनी अंड्यातल्या भ्रूणाभोवतीच्या पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णतेने मारलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूसोबत ते द्रवात ठेवले. मग तो द्रव नव्या, ताज्या तुकड्यांवर घातला. या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू सोडला तरी तो नीट वाढेना. द्रवात काहीतरी उतरलं होतं. विषाणूच्या वाढीत हस्तक्षेप करणारं म्हणून त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. टोकियोत यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनाही सशांवर काम करताना १९५४ मध्ये असाच एक विषाणूला अडवणारा घटक आढळला होता. त्यांचं नाव मराठीतच काय, इंग्रजी पुस्तकांतही फारसं येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करून घेऊ. इंटरफेरॉन विषाणूला हातही लावत नाही. ज्या पेशीत विषाणू शिरला ती पेशी इंटरफेरॉन बाहेर सोडते आणि आजूबाजूच्या पेशी ते ऐकून दारं-खिडक्या लावून घेतात. हाक मारणं ही एक यंत्रणा आणि हाक ऐकणं ही दुसरी. पुढे दिसेल की काही पेशींना हाक ऐकू येते पण मारता येत नाही. हा लेख मुख्यतः हाक मारण्याबद्दल आहे.

हेलसिंकीच्या बाटल्या

माणसासाठी औषध म्हणून वापरायचं तर मानवी पेशींनी बनवलेलं इंटरफेरॉनच हवं, हे लवकर लक्षात आलं. फिनलंडमध्ये कारी कांटेल यांनी त्यासाठी रक्तदानातून मिळणाऱ्या पांढऱ्या पेशी वापरल्या. रक्तपेढीला लाल पेशी आणि प्लाझ्मा हवा असतो, मधला पांढऱ्या पेशींचा पातळ थर उरतो. कांटेल तो थर घेत, पेशी द्रवात ठेवत आणि त्यात सेंदाई विषाणू घालत. हा उंदरांच्या श्वसनमार्गाचा विषाणू, जपानमधल्या सेंदाई शहराचं नाव लागलेला. रात्रभरात पेशी इंटरफेरॉन सोडत. १९७० च्या दशकात जगभरच्या रुग्णांवर इंटरफेरॉनच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांतला मोठा भाग या हेलसिंकीच्या मालावर चालला. आणि त्या मालात खरं इंटरफेरॉन एक टक्कासुद्धा नव्हतं, बाकी सगळी इतर प्रथिनं.

इतकं रक्त, इतक्या बाटल्या आणि हाती चिमूटभर. त्यामुळे त्या काळातल्या संशोधकांचा एकच ध्यास होता: याच पेशींकडून जास्त इंटरफेरॉन कसं काढायचं? करून पाहता पाहता तीन युक्त्या हाती लागल्या. तिन्ही चमत्कारिक होत्या आणि तिन्ही का चालतात हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

पहिली युक्ती अशी की विषाणू घालण्याआधी काही तास पेशींना थोडंसं तयार इंटरफेरॉनच द्यायचं. तसं केलं की नंतर त्या कितीतरी जास्त इंटरफेरॉन बनवत. दुसरी युक्ती फायब्रोब्लास्ट पेशींवर चाले. या त्वचेतल्या आधारपेशी, बहुतेकदा नवजात मुलांच्या सुंतेनंतर उरणाऱ्या त्वचेतून वाढवलेल्या. त्यांना विषाणूऐवजी पॉली आय-सी नावाचा कृत्रिम दुहेरी आरएनए देत आणि त्याबरोबर सायक्लोहेक्झिमाइड, म्हणजे पेशीचं प्रथिन बनवण्याचं काम बंद पाडणारं विष. काही तासांनी ॲक्टिनोमायसिन-डी, म्हणजे आरएनए बनवणं बंद पाडणारं दुसरं विष. मग पहिलं विष धुऊन टाकायचं. इंटरफेरॉन हे स्वतः एक प्रथिन. प्रथिन बनवणं बंद पाडून प्रथिनाचं उत्पादन अनेक पटींनी वाढतं, हे ऐकल्यावर कुणीही म्हणेल की मोजण्यात चूक झाली असेल. चूक नव्हती. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी हे दाखवलं आणि पुढे कारखान्यांनी ते वापरलं.

तिसरी युक्ती नमाल्वा नावाच्या पेशींची. युगांडातल्या एका रुग्णाच्या लिम्फोमा गाठीतून निघालेल्या या पेशी द्रवात तरंगत वाढतात, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्या हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवता आल्या. त्यांना सेंदाई विषाणू देण्याआधी ब्युटिरेट द्यायचं. तोच ब्युटिरेट जो तुपात असतो आणि आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू बनवतात. त्यानेही इंटरफेरॉन वाढे.

आधी थोडं इंटरफेरॉन द्या, विष द्या, ब्युटिरेट द्या. तिघांत काहीच साम्य दिसत नाही. साम्य दिसायला पेशीच्या आत शिरावं लागतं.

पहिली चावी

बँकेचं लॉकर एका चावीने उघडत नाही. एक चावी आपल्याकडे, एक बँकेकडे आणि दोन्ही एकाच वेळी लागल्या तरच दार उघडतं. इंटरफेरॉन-बीटाचं जनुक असंच आहे, फक्त त्याला तीन चाव्या लागतात. आपल्या नवव्या गुणसूत्रावर हे जनुक आणि त्याच्या शेजारीच इंटरफेरॉन-अल्फाची तेरा जनुकं आहेत. (इंटरफेरॉन-गॅमा आणि लॅम्डा हे वेगळे, त्यांची जनुकं दुसऱ्या गुणसूत्रांवर आहेत. त्यांच्याकडे इथे वळत नाही.) एरवी ही सगळी जनुकं गप्प असतात.

पहिली चावी आहे आयआरएफ-३ हे प्रथिन. ते जवळजवळ प्रत्येक पेशीत आधीपासून तयार असतं, पण पेशीद्रव्यात निष्क्रिय पडून राहतं. त्याला जागं करण्याची साखळी अशी.

आपल्या पेशीचा संदेशवाहक आरएनए केंद्रकातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या एका टोकाला रासायनिक टोपी घातलेली असते. अनेक विषाणूंच्या आरएनएला ती नसते, त्या टोकाला तीन फॉस्फेट उघडे असतात. रिग-आय नावाचं प्रथिन पेशीद्रव्यात फिरत हेच टोक तपासतं. उघडे फॉस्फेट आणि त्यांच्याशी जोडलेला दुहेरी आरएनए सापडला की ते त्याला चिकटतं. रिग-आयचं हे काम जपानमधल्या ताकाशी फुजिता यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, तर ते नेमकी कुठली खूण ओळखतं हे २००६ मध्ये उलगडलं. त्याचा भाऊबंद एमडीए-५ लांबलचक दुहेरी आरएनए ओळखतो.

आरएनए सापडल्यावर रिग-आय आपली मिटलेली शेपटी उघडतं आणि निरोप नेतं तंतुकणिकांकडे. हो, शाळेत ज्यांना आपण पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून पाठ केलं त्याच तंतुकणिका. त्यांच्या बाहेरच्या पडद्यावर मॅव्हस नावाचं प्रथिन रोवलेलं असतं. २००५ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी ते जवळपास एकाच वेळी शोधलं आणि चार वेगवेगळी नावं दिली. त्यांतल्या एका गटाचे प्रमुख झिजियान चेन यांनी २०११ मध्ये त्याची जी तऱ्हा दाखवली ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सगळं दूध दही होतं. मॅव्हसचं तसंच आहे. रिग-आयचा स्पर्श झालेले मॅव्हसचे मोजके रेणू आकार बदलतात, शेजारच्या रेणूंनाही तोच आकार घ्यायला लावतात आणि बघता बघता तंतुकणिकेवर मॅव्हसचे लांब धागे थिजतात. म्हणून विषाणूच्या आरएनएचे अगदी थोडे रेणू पेशीत असले तरी संकेत मोठा होतो. आणि एकदा विरजण लागलं की दह्याचं परत दूध होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

या थिजलेल्या धाग्यांवर टीबीके-१ हे एन्झाइम गोळा होतं. एखाद्या प्रथिनावर फॉस्फेटचा कण चिकटवणं हे त्याचं काम. पेशीच्या कारभारात फॉस्फेट म्हणजे साहेबांची सही. सही झाली की कागद पुढे सरकतो. टीबीके-१ आयआरएफ-३ वर सही करतं, सह्या झालेले दोन आयआरएफ-३ एकमेकांना बिलगतात आणि जोडीने केंद्रकात शिरतात.

उरलेल्या दोन

दुसरी चावी एनएफ-कप्पा-बी. एरवी तिला आय-कप्पा-बी नावाचं प्रथिन बांधून ठेवतं. मॅव्हसकडून निघालेल्या संकेताची एक शाखा या बांधणाऱ्या प्रथिनावर सही करते. तिथे सही म्हणजे मृत्यूचं फर्मान, कारण त्यानंतर त्याचे तुकडे होतात आणि एनएफ-कप्पा-बी मोकळी सुटते. तिसरी चावी म्हणजे एटीएफ-२ आणि सी-जून ही जोडी. पेशीवर ताण आला की चालू होणारी जेएनके आणि पी-३८ ही एन्झाइमं तिला सक्रिय करतात.

या तिन्ही चाव्या इंटरफेरॉन-बीटा जनुकाच्या अगदी पुढ्यात डीएनएच्या अवघ्या ५५ अक्षरांवर बसतात. एकूण आठ प्रथिनं, खांद्याला खांदा लावून. टॉम मानिआटिस आणि दिमित्रिस थानोस यांनी १९९५ मध्ये बाटलीतल्या पेशींवर प्रयोग करून दाखवलं की नुसती हजेरी पुरत नाही, मांडणीही तीच लागते. दोन जागांच्या मध्ये डीएनएच्या अर्ध्या वेढ्याएवढी अक्षरं घुसवली तर एक प्रथिन दोरीच्या उलट बाजूला जातं आणि जनुक जवळजवळ मुकं होतं. पूर्ण वेढ्याएवढी घुसवली तर प्रथिनं पुन्हा एकाच बाजूला येतात आणि जनुक बऱ्यापैकी सावरतं.

इतका कडक बंदोबस्त कशासाठी? एनएफ-कप्पा-बी ही फार सहज सुटणारी चावी आहे. खरचटलं, जिवाणू आला, सूज आली, तरी ती मोकळी होते. सी-जून तर उन्हातल्या अतिनील किरणांनीही जागा होतो. यांच्यापैकी एकट्याने दार उघडत असतं तर ऊन लागल्यावरही अंगात इंटरफेरॉन उतरलं असतं. आणि इंटरफेरॉन अंगात उतरलं म्हणजे काय होतं हे हिपॅटायटिस-सी साठी ज्यांनी पूर्वी त्याची इंजेक्शनं घेतली त्यांना विचारावं: थंडी वाजून ताप, हाडं ठणकणं, महिनोन्‌महिने गळून गेल्यासारखं वाटणं. फ्लूमध्ये आपल्याला जे होतं त्यातला बराच भाग विषाणूचा नसून आपल्याच हाकेचा असतो. पहिली चावी, म्हणजे विषाणूचा आरएनए प्रत्यक्ष सापडल्याची आयआरएफ-३ ची साक्ष, मिळेपर्यंत जनुक गप्प राहतं हे आपल्या भल्याचंच आहे.

आता त्या तीन युक्त्यांकडे परत येऊ.

आधी थोडं इंटरफेरॉन दिल्याने उत्पादन का वाढतं? पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही रेणूला इंटरफेरॉन लागलं की आतली जॅक-१ आणि टायक-२ ही एन्झाइमं स्टॅट-१ आणि स्टॅट-२ वर सही करतात. हे दोघे आयआरएफ-९ ला सोबत घेऊन केंद्रकात जातात आणि शेकडो जनुकं चालू करतात. त्यांतलं एक जनुक आयआरएफ-७ चं. हा आयआरएफ-३ चा धाकटा भाऊ. बहुतेक पेशींत तो एरवी नगण्य असतो आणि बनला तरी लवकर मोडतो. पण इंटरफेरॉन-अल्फाची बरीचशी जनुकं मुख्यतः त्याच्याच हाताने उघडतात. म्हणजे पहिली हाक आयआरएफ-३ च्या जोरावर, बीटाची. ती हाक शेजाऱ्यांप्रमाणे त्याच पेशीलाही ऐकू येते, आयआरएफ-७ तयार होतो आणि मग अल्फाचा लोंढा सुटतो. शिवाय त्या शेकडो जनुकांत रिग-आय आणि एमडीए-५ यांचीही जनुकं असतात. कांटेल पेशींना आधीच थोडं इंटरफेरॉन देत तेव्हा ते नकळत पहारेकरी वाढवत होते आणि आयआरएफ-७ चा साठा करून ठेवत होते. नंतर विषाणू आला की पेशी पहिल्या पायरीऐवजी थेट दुसऱ्या पायरीवरून सुरुवात करत.

आपल्या रक्तातल्या काही पेशींत हा साठा जन्मजातच असतो. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी असं त्यांचं लांबलचक नाव. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत त्या शंभरात एकही नसतील, पण त्यांच्यात आयआरएफ-७ कायम भरलेला असतो, म्हणून त्यांची हाक सगळ्यांत मोठी असते. १९९९ मध्ये त्यांची ही ओळख पटली.

विषाच्या युक्तीचं उत्तर ब्रेकमध्ये आहे. इंटरफेरॉन-बीटाचा संदेशवाहक आरएनए मुद्दाम अल्पायुषी ठेवलेला असतो. त्याच्या शेपटीत ए आणि यू या अक्षरांची रेलचेल असते आणि ती खूण पाहून पेशीतली प्रथिनं तासाच्या आत त्याची विल्हेवाट लावायला लागतात. शिवाय एनएफ-कप्पा-बी मोकळी सुटली की ती ज्या जनुकांना चालू करते त्यांत तिला बांधणाऱ्या आय-कप्पा-बीचंही जनुक असतं! म्हणजे चावी स्वतःच्याच हाताने स्वतःसाठी दोर वळायला लावते. हे सगळे ब्रेक बहुतांशी प्रथिनांचे आहेत आणि लागतील तेव्हा ताजे बनवावे लागतात. सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिन बनवणं थांबवलं की ब्रेक बनत नाहीत. चाव्या मात्र आधीच तयार असतात, त्यांना नवं प्रथिन लागत नाही, फक्त सह्या लागतात. त्यामुळे जनुक चालू राहतं आणि संदेशवाहक आरएनए न मोडता साचत जातो. मग सायक्लोहेक्झिमाइड धुऊन टाकलं की साचलेल्या सगळ्या संदेशांवरून एकदम इंटरफेरॉन बनतं आणि ॲक्टिनोमायसिन असल्यामुळे नव्या ब्रेकसाठी लागणारा आरएनएही तयार होत नाही. विष जिंकतं ते असं.

ब्युटिरेटचं उत्तर थोडक्यात: डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो तो विळखा ब्युटिरेट सैल करतं, म्हणून चाव्यांना कुलपापर्यंत पोचायला सोपं जातं.

आणि आणखी एक गोष्ट, जी कांटेल यांना त्या काळी माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यांनी वापरलेला सेंदाई विषाणूचा वाण आजही कांटेल वाण म्हणून प्रयोगशाळा मागवतात, कारण त्याच्याइतकं जोरात इंटरफेरॉन दुसरा वाण क्वचितच काढतो. कारण शोधलं तेव्हा दिसलं की अंड्यांत वाढवलेल्या त्या साठ्यात अर्धवट, मोडक्या जनुकसंचाचे विषाणू भरपूर आहेत. हे मोडके तुकडे स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखे होतात: एका टोकाला तीन उघडे फॉस्फेट आणि त्याच्या मागे दुहेरी आरएनए. रिग-आयला याहून आवडती गोष्ट नाही. धडधाकट सेंदाई विषाणूकडे इंटरफेरॉन दाबणारी प्रथिनं असतात, पण या मोडक्या तुकड्यांच्या गोंगाटापुढे त्यांचं काही चालत नाही.

ब्रेक निकामी झाले तर

वरच्या ब्रेकखेरीज आणखी किती तरी आहेत. सॉक्स-१ हे प्रथिन जॅकला धरून ठेवतं. यूएसपी-१८ ग्राही रेणूच्या आतल्या टोकावर बसून पुढचे काही दिवस पेशीला बहिरी करतं. काम झालेल्या आयआरएफ-३ चे तुकडे केले जातात. मॅव्हसचं दही परत दूध होत नाही असं वर म्हटलं, तर ते दहीच पेशी मोडून टाकते. यादी करत बसलं तर लेख यादीच होईल. मुद्दा असा की बाटलीतल्या पेशींत विषाणू दिल्यापासून काही तासांत इंटरफेरॉन-बीटाचा संदेश शिखरावर जातो आणि दिवसभरात ओसरतो. हे ओसरणं म्हणजे पेशी दमली असं नसतं, त्यासाठी ती कष्ट घेत असते.

त्या कष्टांची किंमत लहान मुलांच्या एका दुर्मीळ आजारात दिसते. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या जाँ एकार्दी आणि फ्रांस्वाझ गुतिएर या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून तो एकार्दी-गुतिएर सिंड्रोम. तान्ह्या बाळांच्या मेंदूला इजा, जणू गर्भातच विषाणूसंसर्ग झाला असावा अशी, पण विषाणू कुठेच सापडत नाही. मेंदूभोवतीच्या द्रवात इंटरफेरॉन मात्र वाढलेलं. २००६ मध्ये अशा काही मुलांत ट्रेक्स-१ या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आढळलं. पेशीद्रव्यात सांडलेले डीएनएचे तुकडे झाडून टाकणं हे ट्रेक्स-१ चं काम.

डीएनएचे तुकडे झाडायचे राहिले तर काय बिघडतं, हे कळायला आणखी सहा-सात वर्षं लागली. झिजियान चेन यांच्याच गटाने दाखवलं की पेशीद्रव्यात डीएनए दिसला की सी-गॅस नावाचं एन्झाइम त्याला चिकटतं आणि सी-गॅम्प नावाचा एक छोटासा रेणू बनवतं. तो रेणू स्टिंग या प्रथिनाला जाऊन लागतो, स्टिंग टीबीके-१ ला बोलावतं आणि पुढे तीच साखळी. म्हणजे आरएनएसाठी एक दार, डीएनएसाठी दुसरं, पण सही करणारे साहेब तेच. सी-गॅम्प इतका लहान आहे की दोन पेशींना जोडणाऱ्या बारीक नळ्यांतून तो शेजारच्या पेशीतही जातो. शेजारी इंटरफेरॉनची हाक पोचण्याआधी हा चुपचाप निरोप पोचलेला असतो. विषाणू नसताना केवळ घरचा केर साचून ही साखळी चालू राहिली, तर त्या बाळांचं काय होतं ते डॉक्टरांनी १९८४ सालीच पाहिलं होतं. कारण मात्र कळलं ते बाटल्यांतल्या पेशींमुळे.

मुक्या पेशींचा उपयोग

ज्या पेशींना हाक मारता येत नाही त्याही कामाच्या असतात. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून व्हेरो नावाच्या पेशी वाढवल्या गेल्या. त्यांच्यात इंटरफेरॉनची जनुकं ज्या भागात असतात तो गुणसूत्राचा मोठा तुकडाच गळून गेलेला आहे. बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर त्या ऐकतात, स्वतः मात्र मुक्या. म्हणून विषाणू त्यांच्यात निर्धास्त वाढतात आणि म्हणूनच विषाणू वेगळा काढायला आणि लशी बनवायला त्या जगभर वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत २०२० मध्ये करोनाचा विषाणू रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा काढला गेला तो व्हेरो पेशींतच, आणि तिथला वाण वापरून तयार झालेली कोव्हॅक्सिन लसही व्हेरो पेशींत वाढवलेल्या विषाणूपासूनच बनते. आपल्यातल्या कित्येकांनी जी लस घेतली ती एका माकडाच्या पेशींना इंटरफेरॉन बनवता येत नाही या गोष्टीवर उभी आहे.

मानवी पेशींतही असं घडतं. हिपॅटायटिस-सी चा विषाणू प्रयोगशाळेत वाढता वाढत नव्हता. चार्ल्स राइस यांच्या प्रयोगशाळेत यकृताच्या कर्करोगातून आलेल्या ह्यू-७ पेशींची एक उपशाखा मिळाली, ह्यू-७.५, जिच्यात त्याचा आरएनए झपाट्याने वाढे. २००५ मध्ये त्या पेशींच्या रिग-आयमध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं सापडलं. ५५ व्या जागी थ्रिओनीनऐवजी आयसोल्यूसीन, आणि पहारेकरी निकामी. त्याच वर्षी हेही कळलं की हिपॅटायटिस-सी चा विषाणू एरवी कात्री घेऊनच येतो आणि मॅव्हसला तंतुकणिकेवरून कापून टाकतो. राइस यांना २०२० मध्ये दोघांसोबत नोबेल मिळालं. पेशी निवडताना तिच्या चाव्या तपासाव्यात हा धडा मात्र अजूनही विसरला जातो. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशीच घ्या: हीला पेशींत पॅपिलोमा विषाणूचं ई-७ प्रथिन स्टिंगला अडवतं, एचईके-२९३ पेशींत ॲडिनोव्हायरसचं ई-१ए तेच करतं. अशा पेशींत डीएनए घालून ‘इंटरफेरॉन बनलं नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे नळाची तोटी काढून ठेवून पाणी येत नाही म्हणण्यासारखं.

आणखी एक गोष्ट मला बराच काळ खटकत असे. सगळ्या पेशी एकाच बाटलीतल्या, एकाच वंशाच्या, सगळ्यांना भरपूर विषाणू दिलेला, तरी एकेका पेशीत पाहिलं तर इंटरफेरॉन-बीटा थोड्याच पेशी बनवताना दिसतात. उरलेल्या गप्प. याचं कारण चाव्यांतच आहे. प्रत्येक पेशीत रिग-आय, मॅव्हस, आयआरएफ-७ यांचे रेणू थोडे कमी-जास्त असतात. तिन्ही चाव्या एकाच वेळी, एकाच जागी, त्या ५५ अक्षरांवर येणं हा योग काहींनाच लागतो. आणि तेवढं पुरतं, कारण हाक सगळ्यांनी मारायची नसते, ऐकायची असते.

योग जुळण्यासाठी एकच चावी कायमची नसली तर काय होतं हे २०१५ मध्ये एका लहान मुलीमुळे दिसलं. साध्या हंगामी इन्फ्लुएन्झाने ती अत्यवस्थ झाली आणि तिला कृत्रिम श्वास द्यावा लागला. पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने तिची जनुकं वाचली तेव्हा आयआरएफ-७ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. तिच्या रक्तातल्या प्लाझ्मासायटॉइड पेशी वेगळ्या काढून त्यांना इन्फ्लुएन्झा दिला. ज्या पेशींची हाक सगळ्यांत मोठी असायला हवी त्या गप्प राहिल्या. मग तिच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी आणि त्यांपासून फुप्फुसाच्या पेशी बाटलीत वाढवल्या. त्या पेशींत विषाणू निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त वाढला. ती मुलगी बरी झाली. त्यानंतर तिला दर वर्षी फ्लूची लस देत आले.